झाकणाची खुर्ची

त्या वर्षी आमच्या घरात पाय ठेवीन तिथं झाकण लागायचं. पाण्याच्या बाटलीचं निळं, थंड्याच्या बाटलीचं लाल, कुठल्याशा सरबताचं पिवळं. आईनं डाळीच्या डब्यात हात घातला तर झाकण, बाबांनी अंघोळीला लोटा उचलला तर त्यात झाकण. एकदा वरणातही निघालं. बाबांनी ते ताटाच्या कडेला काढून ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "शिजलं नाई वाटते बरोबर." बाबा एसटीत कंडक्टर होते. दिवसभर "पुढं सरका, पुढं सरका" करून त्यांचा आवाज संपलेला असायचा, घरी ते असं एखादंच वाक्य बोलत. पण संध्याकाळी ड्युटीवरून आले की तिकिटाच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून मूठभर झाकणं काढून ओट्यावर ठेवत. लोकांनी बसमध्ये टाकलेली, त्यांनी वेचलेली. माझा बाप माझ्यासाठी सीटखाली वाकत होता आणि मला त्यात काही वाटतही नव्हतं, हे आज लिहिताना पहिल्यांदा डोक्यात येतंय.

हे खूळ माझंच. बारावीत असताना कॉलेजात नागपूरहून एक सर आले होते, प्लास्टिकवर बोलायला. त्यांनी सांगितलं, की भंगारवाला बाटली घेतो, पण सुटं झाकण कोणी विचारत नाही. ते नालीत जातं, शेतात जातं, गाईच्या पोटात जातं. झाकणाचं प्लास्टिक बाटलीपेक्षा वेगळं असतं. ते वेगळं गोळा केलं, धुऊन दिलं, तर आमची संस्था ते वितळवून त्याच्या खुर्च्या करते. मग त्यांनी विचारलं, लाखनीत हे काम कोण अंगावर घेईल? सगळ्यांच्या आधी माझा हात वर. मला तोवर कशातच पहिलं येता आलं नव्हतं. अभ्यासात बरी, धावण्यात बरी, दिसायलाही बरीच म्हणायची. "बरी" हा शब्द ऐकून ऐकून माझे कान पिकले होते. हात वर केला तेव्हा मनात गाय नव्हती आणि नालीही नव्हती, एवढं तरी आज खरं सांगते.

पोट्ट्यांनी आठ दिवसांत माझं नाव सुजाताचं ढक्कन करून टाकलं. मला चालत होतं. हायवेवरच्या चहाच्या टपऱ्यांवर, ढाब्यांवर, पानठेल्यांवर मी सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्या टांगल्या. ट्रकवाले उतरले की हात-तोंड धुऊन बाटली रिकामी करत, आणि टपरीवाला ओरडे, "ढक्कन इधर डालो भाई, मास्तरनी बाई आएगी." लग्नाच्या मांडवात जेवणावळ उठली की मी पत्रावळींमधून फिरायची. रविवारी विहारात वंदना झाली की लहान मुली ओच्यातून झाकणं आणून माझ्यासमोर ओतत. मग धुणं. थंड्याच्या झाकणांना मुंग्या लागत, सुगंधी दुधाच्या झाकणांना असा वास येई की आई नाकाला पदर लावून म्हणे, "शिकून राहिली का कचरा वेचून राहिली वं?" पण म्हणता म्हणता स्वतःच फतकल मारून घासायला बसे. अंगणात चटया टाकून धान वाळवावं तशी आम्ही झाकणं वाळवत असू. मोजायला करडी गावच्या मामानं धान मोजायचा कुडो दिला होता, त्यानंच मोजायचो. वीस कुडो झाले की एक खंडी. नागपूरच्या सरांनी फोनवर विचारलं, "किती किलो झालं?" मी ऐटीत सांगितलं, "दीड खंडी." पलीकडून सरांनी विचारलं, "म्हणजे किती पोती?"

आमचं घर हायवेपासून दोन गल्ल्या आत. पुढून ट्रकांची घरघर आणि मागून कोष्टीपुऱ्यातल्या हातमागांची खटखट, अशा दोन आवाजांच्या मध्ये मी वाढले. ट्रक रात्रंदिवस चालत, पण माग दुपारच्या जेवणाला थांबले की कान एकदम रिकामे वाटत. आई तेव्हा लाखोरीच्या डाळीचे वडे तळत असली तर तेलाचा चर्र आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. कोष्टीपुरा आमच्या भिंतीला लागून होता, पण आमचं तिकडं जाणं-येणं दारापर्यंतचंच. भांडण नव्हतं, कोणी काही वाईट बोलतही नव्हतं. काही काम असलं तर दारात उभ्यानं बोलायचं, आणि काम झालं की परत फिरायचं. का, ते कोणी कोणाला विचारत नसे.

झाकणांनी ते दार उघडलं. त्या गल्लीतलं पहिलं घर गणपतकाकांचं. काका खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले असत, आणि बाजूला त्यांची रेखाताई चरख्यावर कांड्या भरत असे. रेखाताई तेव्हा सव्वीस-सत्तावीसची असेल. लहानपणीच पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. घरात ती हातांत रबरी चपला घालून, हातांवर सरकत फिरायची. आठवीपर्यंत काकांनी तिला पाठीवर बसवून शाळेत नेलं. पुढं तिला बापाच्या पाठीवर बसायची लाज वाटू लागली आणि तिनं शाळा सोडली. दहावी व्हायचं मात्र तिच्या मनात राहून गेलं होतं. हायवेच्या पलीकडे बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा वर्ग भरायचा, आणि तो हायवे तिच्यासाठी समुद्र होता. हे सगळं मला आधी माहीत नव्हतं. भिंतीला भिंत लागून अठरा वर्षं राहिले, आणि माहीत नव्हतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकांचा माग जोरात चालला होता. चाळीस वर्षं त्या खटखटीत बसून त्यांना ऐकायला कमी येई. लोक त्यांच्याशी बोलताना आपोआप ओरडत. मीही ओरडले, "काका, झाकनं द्या! झाकनाची खुर्ची होते!" काकांनी मान हलवली. हात थांबला नाही, पण चेहरा असा काही बदलला की मला वाटलं, वा, यांना विषय पटला. दुसऱ्या दिवशी काकांच्या घरून अर्धं चुंगडं भरून आलं. तिसऱ्या दिवशी अख्ख्या कोष्टीपुऱ्यातून. बाया मला "ये वं बाई, बस" म्हणून आत बोलवायला लागल्या. पाट मिळाला. कपात चहा मिळाला, त्यांच्याच घरातल्या कपात. आणि चहा पिता पिता काकू म्हणाली, "तुये लई उपकार होतीन बाई. आमच्या रेखीले चाकाची खुर्ची भेटली का पोट्टी घराबाहेर तरी पडन."

झाकनाची. चाकाची. मागाच्या आवाजात ऐकून बघा, काही फरक उरत नाही.

कपातला चहा अजून अर्धा होता. मी तो प्याले. "असं नाही काकू, काकांनी चुकीचं ऐकलं," हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, ते मी चहाबरोबर गिळलं. मनाशी म्हटलं, उद्या सांगू. उद्या आणखी दोन चुंगड्या आल्या. मग म्हटलं, नागपूरच्या सरांनाच विचारू, त्यांची संस्था मोठी आहे, देतीलही एखादी चाकाची खुर्ची. विचारलं मात्र नाही, कारण विचारलं असतं तर ते "नाही" म्हणाले असते. माणूस स्वतःला कसं गुंडाळतो, ते मी तेव्हा शिकले. गावभर झालं होतं, की सुजाताची झाकणं दोन खंडी भरली की गणपतच्या पोरीला खुर्ची येणार. नुसती खुर्ची; चाकं कोष्टीपुऱ्याबाहेर पोचलीच नव्हती. लोक त्यासाठीच देत होते. नालीची आणि गाईची कोणाला पडली होती? पंक्चरवाल्यानं दिली, देवळातल्या भटजींनी दिली, कोंढ्याहून आलेल्या एका वऱ्हाडानं पिशवीभर दिली. प्राचार्यांनी मला ऑफिसात बोलावून पाठ थोपटली. मी आता "बरी" राहिले नव्हते.

दसऱ्याच्या आसपास एका दुपारी गणपतकाकांनी मला निरोप पाठवला. गेले तर माग चालू होता. मला बघताच त्यांनी तो थांबवला. दिवसाउजेडी, जेवणाची वेळ नसताना काकांनी माग थांबवलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. घरात एवढी शांतता झाली की रेखाताईच्या चरख्याची कुरकुर ऐकू आली. मग तिनं तोही थांबवला.

"बाई," काका म्हणाले, "भंडाऱ्याले अपंगाचं शिबिर हाये. तीनचाकी सायकल देऊन राहिले. आपल्या वार्डातून एकच नाव जाते, मायी रेखी पयली हाये यादीत. पन बसस्टँडवर पेरू विकते ते शांताबाई, तिचा पाय मांडीपासून गेला. तिचा दुसरा नंबर हाये. आता आम्हाले दोनदोन घेऊन काय कराचं? मी म्हनतो, ते शांताबाईले भेटू दे. म्हनून माग बंद केला, मले नीट आयकू येऊ दे. तुई चाकाची खुर्ची पक्की येते ना?"

ते खड्ड्यात बसलेले, मी उभी. त्यांची मान वर, उजवा कान माझ्याकडे वळवलेला. रेखाताई हातातली कांडी तशीच धरून माझ्याकडे बघत होती.

मी "हो" म्हणाले. "हो काका, येते."

एक अक्षर. मी पुष्कळदा स्वतःची वकिली करून बघितली आहे. अठरा वर्षांची होते, पुढच्या महिन्यात पेपरात फोटो येणार होता, सांगितलं असतं तर ते पाट, ते कप, सगळं परत गेलं असतं. प्रत्येक कारण खरं आहे आणि एकही उपयोगाचं नाही. रेखाताईची सायकल मी त्या एका अक्षरानं काढून घेतली. दुसऱ्या दिवशी काकांनी ग्रामपंचायतीत जाऊन तिचं नाव मागं घेतलं. शांताबाई पेरूंची टोपली घेऊन त्यांच्या घरी आली आणि रडली, आणि सगळा कोष्टीपुरा काकांना मोठ्या मनाचा माणूस म्हणाला. होतेच ते. रेखाताईनं बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म मागवला. तो भरून द्यायला तिनं मलाच बोलावलं, आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात तो भरला.

कार्यक्रम दिवाळीनंतर ठेवला होता, कॉलेजच्या पटांगणात. दोन खंडीच्या वर झाकणं चुंगड्यांत भरून रांगेनं मांडली होती. नागपूरचे सर टेम्पो घेऊन आले. गाव लोटलं होतं, आणि मी आईची जांभळी साडी नेसून माइकजवळ उभी होते. तेवढ्यात फाटकातून गणपतकाका आत आले. पाठीवर रेखाताई. सव्वीस वर्षांची बाई, नवं लुगडं नेसलेली, केसांत फूल, आणि बापाच्या गळ्यात हात टाकलेली. तिनं ही लाज फक्त त्या दिवसापुरती पत्करली होती. काकू मागून येत होती, भेटेल त्याला हसून सांगत होती, "येताना पाठीवर, जाताना खुर्चीवर." लोकांनी त्यांना पुढं बसवलं.

सरांचं भाषण झालं, माझा सत्कार झाला. मग सर म्हणाले, "लाखनीकरांनी दिलेल्या झाकणांचं काय होतं, हे तुम्हाला दाखवायला आम्ही एक भेट आणली आहे." टेम्पोचं फळकूट पडलं. दोघा माणसांनी एक खुर्ची उतरवून मंचावर ठेवली. प्लास्टिकची, मळकट हिरव्या रंगाची, लग्नात भाड्यानं आणतात तशी. चार पायांची.

टाळ्या वाजल्या, पण पुढच्या रांगेत वाजल्या नाहीत. गणपतकाका उठले. मंचाजवळ आले, खुर्चीभोवती फिरले, वाकून तिचे पाय बघितले. मग सरांना हात जोडून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "साहेब, चाकं मांगून येतीन का?"

मागच्या पोट्ट्यांना हसू आलं, मग सगळ्या पटांगणाला. सर गोंधळून माझ्याकडे बघू लागले. "कसली चाकं? काय म्हणताहेत हे?" प्राचार्य माझ्याकडे बघत होते. मी रेखाताईकडे बघितलं. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. ती फक्त वाट बघत होती, की मी आता काय बोलते. त्या घरात माग बंद होता तेव्हा मी काय म्हणाले, हे साऱ्या पटांगणात काका सोडले तर तिलाच माहीत होतं.

माइक माझ्या हातात होता. घरी आम्ही बोलतो तशी बोली मी सोडून दिली आणि वक्तृत्व स्पर्धेतल्या शुद्ध भाषेत म्हणाले, "काकांचा काहीतरी गैरसमज झाला आहे. त्यांना जरा कमी ऐकू येतं."

सगळे पुन्हा हसले, या वेळी मायेनं. सरही हसले, त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती खुर्ची त्यांनाच देऊन टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी रेखाताईला पाठीवर घेतलं, काकूनं खुर्ची डोक्यावर घेतली आणि तिघं फाटकातून बाहेर गेले. जाताना त्यांना सगळ्या गर्दीच्या मधून जावं लागलं. रेखाताईनं तोंड बापाच्या मानेत लपवलं होतं. मी पुढचा कार्यक्रम जाहीर केला.

पेपरात फोटो आला. मी मधोमध, हसते आहे. आईनं तो कापून ठेवला. माझ्या मुलीला, जिची यंदा बारावी आहे, आईच तो कौतुकानं दाखवते आणि मी उठून स्वयंपाकघरात जाते. तसं शिबिर पुन्हा चार वर्षांनी झालं. तेव्हा रेखाताईला सायकल मिळाली, आणि तिशी ओलांडल्यावर ती दहावी झाली, पहिल्याच खेपेला. मधली जी चार वर्षं ती हातांवर सरकत राहिली, ती माझ्या नावावर. लाखनीला गेले की ती कधी बाजारात भेटते, "कवा आली वं?" विचारते, पोरीची चौकशी करते. त्या दिवसाबद्दल तिनं मला कधी एक शब्द विचारला नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे बापालाही सांगितला नाही. सांगितलं असतं तर काका कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आलेच नसते.

आले होते ते. सकाळी, बाबा ड्युटीवर निघायच्या बेतात असताना. अठरा वर्षांत गणपतकाका आमच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच आले. आईची धांदल उडाली, तिनं खुर्चीवरचे कपडे उचलले, पण ते बसले नाहीत. हात जोडून उभे राहिले, बाबांसमोर नाही, माझ्यासमोर.

"बाई, मले माफी कर," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या कार्यक्रमात मी तुया पचका केला. साहेबासमोर तुले खाली पाहा लागलं. रातभर मी इचार करून राहिलो. माग चालू असता तर गोष्ट येगळी होती. पन मी त माग बंद केला होता वं. तू समोर उभी राहून सांगितलं, तरी मले उलटंच आयकू आलं. म्हनजे आता कान पुरे गेले मायवाले. शांताबाईले नाव देल्लं त्याचं नाई वाईट वाटत, तिले कामी पडन. पन मायाच कानानं माया पोरीचं नुकसान केलं. तू पोरगी चांगली, तू त नीटच सांगितलं असशीन."

बाबा माझ्याकडे बघत होते. बसमध्ये हजारो चेहरे बघितलेला माणूस, बिनतिकिटाचा प्रवासी त्यांना नुसत्या नजरेवरून कळायचा. आई चहाचं आधण ठेवायला आत गेली. मागून कोष्टीपुऱ्यातल्या मागांची खटखट चालू होती, एक सोडून सगळ्यांची.

मी खाली मान घालून पुटपुटले, "जाऊ द्या काका."

त्यांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी घाबरून हाताचा पंजा उजव्या कानामागं धरला, पुढं वाकले आणि म्हणाले, "काय म्हनली बाई? जोरानं सांग. आता मले भरवसा नाई राहिला."

मग मी जोरानं सांगितलं. गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या जोरानं, एकेक शब्द सुटा करून. "जाऊ द्या काका! मी मनावर नाई घेतलं!"

या वेळी त्यांना नीट ऐकू आलं. त्यांचा चेहरा मोकळा झाला, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते चहा न घेताच घरी गेले.